पाटीचा आकार

जंगलात शेंगदाणे हेच चलन होतं, तेव्हाची गोष्ट. मुंगूसशेठच्या दुकानात ज्याच्या हातात शेंगदाणे नसत, तो पिंपळाचं पान दाखवी. मग कावळा त्याच्या घरच्या साठ्यातून शेंगदाणे आणून देई आणि या कामाचा एक दाणा शेठकडून घेई. शेठ मात्र पानवाल्या गिऱ्हाइकाकडून तीन दाणे जादा घेई. "मला का हौस आहे? कावळा ऐकतच नाही," असं सांगत तो दाणे मोजून घेई.

खारूताईला कावळ्याकडूनच खरं कळलं, तेव्हा तिचं डोकं फिरलं. ती तडक जंगलाचा कारभार पाहणाऱ्या हत्तीकडे गेली. हत्तीने तीन सभा घेतल्या, दोन केळीची बनं फस्त केली आणि हुकूम काढला: कावळा घेतो तेवढाच आकार गिऱ्हाइकाकडून घ्यावा आणि तशी पाटी लावावी.

दुसऱ्या दिवशी दुकानावर सुबक पाटी झळकली. 'पानाचा आकार: एक दाणा.' खाली बारीक अक्षरांत होतं, 'पाटीचा आकार: दोन दाणे. सर्वांना.'

"म्हणजे तीनच झाले की!" खारूताई ओरडली.

"छे छे, ताई! कालचे तीन म्हणजे निव्वळ लूट होती. आजचे नियमाप्रमाणे आहेत," शेठ नम्रपणे म्हणाला.

मागे कासवआजोबा उभे होते. जन्मभर हातात शेंगदाणे मोजून देणाऱ्या आजोबांनी जादाचा दाणा कधी दिला नव्हता. आज त्यांनी दोन जास्तीचे मोजले आणि हात जोडले.

"खारूताई, पाया पडतो तुझ्या. पुन्हा न्याय मागायला जाऊ नकोस. मला परवडायचा नाही."