मुहूर्तावर विकतं कोण?

लक्ष्मीपूजनाला शेअर बाजार मुहूर्तापुरता तासभर उघडतो. त्या तासात काय घ्यायचं हे आमचे अच्युतकाका सांगतात, म्हणून सोसायटीतले म्हातारे त्यांना 'गुरुजी' म्हणतात. मी कॉलेज सोडल्यापासून ही सगळी मंडळी मला फुकटची अक्कल शिकवत असतात.

यंदा काकांची नजर कुमुदकाकूच्या पैशांवर होती. आयुष्यभर नर्स म्हणून रात्रपाळ्या केल्यावर तिला मिळालेले निवृत्तीचे पैसे. तिला न विचारताच काकांनी फराळाला जमलेल्या मंडळींसमोर जाहीर केलं, "हिचे सगळे पैसे उद्या मुहूर्तावर लावतोय. तेव्हा घेतलेलं वर जातंच!" आणि तिच्यापुढे सहीसाठी पेन धरलं.

काकूने चकल्यांचं ताट खाली ठेवलं. "अहो, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे का?"

"छे! अख्ख्या देशाला माहीत आहे."

"मग सगळे घेणारच. तुम्हाला विकतं कोण?"

काका खो-खो हसले. "असतो कुणीतरी मूर्ख. दरवर्षी भेटतो!"

"दरवर्षी विकूनही त्याच्याकडचं संपत नाही? म्हणजे तुम्ही सगळे येणार हे ओळखून तो आधीच स्वस्तात घेऊन ठेवत असणार. त्या मूर्खाचा पत्ता द्या. माझे पैसे मी त्यालाच सांभाळायला देते."

इतकी वर्षं मुहूर्त साधणाऱ्या एकाही शहाण्याला हा प्रश्न सुचला नव्हता. काकांनी पेन गुपचूप खिशाला लावलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारा हळूच म्हणाला, "गुरुजी, तो पत्ता मलाही द्या."