खिळ्यावरची तारीख

नीट बसा, चुळबुळ थांबवा. खरं म्हणजे मी हे मलाच सांगतोय, कारण अनसाबाईंची गोष्ट काढली की माझेही पाय एका जागी राहत नाहीत.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सांबरमाळ गावाला रस्ता नव्हता. तालुका नऊ कोसांवर, मधे दोन डोंगर आणि एक ओढा. गावात शाळा होती, म्हणजे देवळामागची पडवी होती आणि एक फळा होता. पुस्तकं नव्हती. सरकारनं पाठवली होती म्हणे, पण वाटेतल्या कुठल्याशा गावाला ती फार आवडली असावीत. या शाळेवर अनसूयाबाई मास्तरीण म्हणून आल्या. गावानं त्यांचं नाव आखडून अनसाबाई केलं.

बाईंना एक खुर्ची दिली होती. त्या खुर्चीत त्यांना बसलेलं कुणीही पाहिलं नाही, असं म्हणतात. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या, आणि फेऱ्या घालता घालता शिकवणं. बायका दर आठवड्याला पडवी सारवायच्या, आणि चार दिवसांत जमिनीवर पुन्हा बाईंची पाऊलवाट उमटायची.

आता पुस्तकांशिवाय शिकवायचं काय? गावात छापलेला कागद येण्याची एकच जागा होती. रामलिंग वाण्याचं दुकान. तालुक्याहून जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी यायची आणि रामलिंग ती वरच्या कोपऱ्यातून भिंतीतल्या एका लांब खिळ्याला अडकवायचा. गिऱ्हाईक आलं की हिसका देऊन पान ओढायचा, हळद, चहा, गूळ जे काय असेल ते बांधून द्यायचा. कोपरा खिळ्यावरच राहायचा.

बाईंनी पोरांना सांगितलं, "घरी पुडी आली की कागद टाकायचा नाही. झटकून शाळेत आणायचा."

झालं, शाळा सुरू झाली. लहान पोरं चहाच्या पुडीवर 'क' शोधायची. मोठी पोरं बाजारभाव वाचून कुठल्या गावी कांदा महाग ते सांगायची. कुठं पाऊस झाला, कुठं आगगाडी नवी सुरू झाली, ते नकाशा काढून दाखवायची. पण पुडीचा कागद तो, निम्मी बातमी असायची आणि निम्मी कुणाच्या तरी दुसऱ्याच घरी. चोर विहिरीत उतरला, आणि कागद संपला. मग पोरं घरोघर फिरायची, "मावशी, तुमच्याकडं चोराचा फुडचा कागद आलाय का?" त्या वर्षी सगळं गावच बेचैन झालं होतं. म्हातारी माणसंही वाण्याकडं गेली की गुळापेक्षा कागद आधी बघायची. रामलिंग वैतागायचा, म्हणायचा, "ह्या बाईनं माझ्या गिऱ्हाइकांची झोप उडवलीया."

वह्या नव्हत्याच. छापील मजकुराभोवती जी कोरी कड सुटते, तिच्यावर पोरं लिहायची. दर शनिवारी एकच धडा असायचा. आपलं नाव, घरातल्या सगळ्यांची नावं, आणि आजची तारीख. नवं बाळ आलं की त्याचं नाव वाढवायचं. लिहून झालं की बाई ती कड कात्रीनं कापून ट्रंकेत ठेवायच्या. कशाला ठेवता, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लिहिलेलं टाकवत नाही मला."

पाचव्या वर्षी, एप्रिलात, सकाळची शाळा भरली होती. बाईंनी नेहमीप्रमाणे फळ्यावर तारीख घातली, सहा एप्रिल. हौसा नावाची मुलगी हळदीच्या पुडीचा कागद घेऊन उभी राहिली. पिवळा झालेला, बारीक अक्षरांचा. ती अडखळत वाचत होती, मधेच थांबली.

"बाई, निर्जन म्हंजे काय?"

"जिथं माणूस राहत नाही ते."

"मग आपलं गाव निर्जन कसं?"

बाईंच्या फेऱ्या थांबल्या. त्या पडवीत त्यांचे पाय थांबलेले पोरांनी पहिल्यांदाच पाहिले, असं म्हणतात. त्यांनी कागद हातात घेतला. जाहीर नोटीस होती ती. मौजे सांबरमाळ निर्जन असल्याकारणाने तेथील सर्व जमीन राखीव जंगलात घेण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास या तारखेपासून तीस दिवसांच्या आत कळवावी. त्यानंतर आलेल्या हरकतीचा विचार होणार नाही.

या तारखेपासून. पण कुठल्या? कागदाचा वरचा कोपरा गेलेला. उरलं होतं फक्त 'र्च' आणि पुढं यंदाचं साल.

घटकाभरात गाव गोळा झालं. खंडू पाटील नोटीस ऐकून म्हणाले, "छापून आलंय म्हंजे झालंच की. आता काय राहिलं आपल्या हातात?" छापलेलं ते झालेलं, अशी गावाची पक्की समजूत होती. दोन घरांनी तर भांडी बांधायला घेतली. एक म्हातारी आपल्या जात्यापाशी जाऊन रडू लागली, कारण जातं काही डोक्यावर नेता येत नव्हतं. मला अजूनही त्या म्हातारीचं फार वाईट वाटतं.

बाई म्हणाल्या, "पाटील, छापलेलं वाचायचं असतं, नुसतं ऐकून घ्यायचं नसतं. तीस दिवस दिलेत. ते संपले का नाही, एवढं आधी बघू."

"पर तारीख हाय कुठं?"

हौसाच म्हणाली, "खिळ्यावर."

सगळी पोरं दुकानाकडं पळाली. रामलिंगच्या खिळ्यावर पाच वर्षांचे कोपरे टोचलेले होते, हातभर लांब थर. रामलिंगनं स्वतः खिळा उपटला आणि सगळे कोपरे ओसरीवर ओतले. वारा सुटला होता. कोपरे उडायचे, पोरं त्यांच्या अंगावर पडून धरायची. एकेक कोपरा हळदीच्या कागदाला लावून बघायचा, नाही जुळला की दुसरा. शेवटी हौसानं एक कोपरा लावला आणि फाटलेल्या कडा एकमेकींत बसल्या. कोपऱ्यावर होतं 'सात मा', कागदावर 'र्च'.

सात मार्चपासून तीस दिवस. पोरांनी बोटांवर मोजले, बाईंनी फळ्याकडं पाहिलं. शेवटचा दिवस आजचाच होता.

बाईंनी ट्रंक उघडली. पोरांनी कणकेची खळ केली आणि कडेला कड चिकटवून पट्टी गुंडाळत नेली. बाईंनी हरकतीचा अर्ज लिहिला, त्यावर गावानं अंगठे उठवले. पाटील म्हणाले, "बाई, नऊ कोस हायेत. कचेरी पाचाला बंद होती." बाईंनी गुंडाळी पाठीवर बांधली आणि चालू लागल्या. बरोबर निघालेले दोन गडी पहिल्याच डोंगरावर मागं पडले. त्या दिवशी बाईंची सावली पायाखालून हललीच नाही, असं म्हणतात. दुपार त्यांच्यासाठी डोक्यावर थांबून राहिली, आणि कचेरीच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं तेव्हाच सावली एकदम लांब झाली.

कारकून दप्तर आवरत होता. त्यानं अर्ज पाहिला. "बाई, कागदोपत्री तिथं कुणी राहत नाही."

"मग हेही कागदच आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गुंडाळी सोडली.

पट्टी टेबलावरून उलगडली, दारातून बाहेर गेली, पायऱ्या उतरली, आवारातल्या आडाला वळसा घालून बाजारापर्यंत गेली. तरीही संपेना, असं म्हणतात. कारकून नावं वाचत तिच्याबरोबर चालत राहिला. घरं, माणसं, बाळं, प्रत्येक नावापाशी तारीख. पुढं जन्मणाऱ्यांचीही नावं तिच्यावर होती म्हणे. बाजारातल्या माणसांनी ती पट्टी वाऱ्यानं उडू नये म्हणून जागोजाग हातांनी धरली. शेवटी कारकून परत आला, घामानं निथळत, आणि त्यानं अर्जावर शिक्का मारला. सहा एप्रिल.

मग त्यानं विचारलं, "या सगळ्यात तुमचं नाव कुठं दिसलं नाही ते?"

बाईंनी पट्टीकडं पाहिलं. खरंच नव्हतं. पाच वर्षं त्या सगळ्यांना नावं लिहायला लावत होत्या, आणि स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं होतं.

गाव वाचलं. पुढल्याच वर्षी बाईंची बदली झाली. निघाल्या त्या दिवशी पाटलांनी बैलगाडी जुंपली होती, पण बाई बसल्या नाहीत. चालत गेल्या, वळणावरून दिसेनाशा झाल्या. त्या अजून चालतच आहेत, असं म्हणतात, आणि ज्या गावात पुस्तकं पोचत नाहीत तिथं जातात.

सांबरमाळात आता रस्ता आहे, शाळेला पक्की इमारत आहे, पुस्तकंही येतात. पण दुकानात कागद खिळ्याला लावत नाहीत. पुडी बांधून देताना दुकानदार कोपरा वर करून म्हणतो, "तारीख बघून घ्या." आणि सहा एप्रिलला शाळेत त्या दिवशीचं वर्तमानपत्र येतं. पोरं आधी तारीख वाचतात, मग एकही कोपरा न सोडता सगळं वाचतात, आणि कडेला गावातल्या प्रत्येकाचं नाव लिहितात. खुर्ची त्या दिवशी रिकामी असते, गुरुजीही उभेच असतात.

बारशालाही तसंच. बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी ते त्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहितात. पण ते दुसरं नाव असतं. त्याच्या वर आधी एक नाव लिहिलेलं असतं, अनसूया. बाळाचं नाव त्याच्या खाली.