ओहोटीची वाट

फार फार पूर्वी, आजच्या कुठल्याच नकाशात सापडणार नाही अशा एका खाडीकाठी, एक राजधानी होती. तिथल्या राणीनं काठावर जहाजं बांधण्याचा मोठा कारखाना काढला आणि गावोगाव दवंडी पिटवली, "ज्याच्या हाताला काम हवं, त्यानं राजधानीत यावं!"

माणसं आली. सुतार आले, लोहार आले, दोर वळणारे आले, शिडं शिवणाऱ्या बाया आल्या. त्यांच्यामागून भाजीवाले, न्हावी, धोबी आले. एका कामातून दुसरं काम निघत गेलं, आणि राजधानीत रिकामा हात औषधालाही सापडेना.

पण बरं का मंडळी, कामं वाढली तशी घरं काही वाढली नाहीत. जुन्या पेठेत मोठमोठ्या बागा होत्या आणि बागांभोवती उंच भिंती. पंचांच्या संमतीशिवाय तिथे एक वीटही चढत नसे. मग भाडी अशी भडकली, की एके काळी म्हशी बांधायचा गोठा वाड्याच्या मोलानं जाऊ लागला. ज्यांना परवडेना ते खाडीपलीकडे झोपड्या घालून राहिले. भरती असली की होडीनं कामाला येत. ओहोटी लागली की होडी चिखलात रुते आणि वाट बंद होई.

जुन्या पेठेची मुख्य पंच होती येसाक्का. नवऱ्यामागे तिनं घर सांभाळलं होतं, पेठ सांभाळली होती, आणि आपली आंब्या-फणसाची बाग तर डोळ्यात तेल घालून राखली होती. मनानं ती वाईट नव्हती. सकाळी बागेत चिवचिवाटाखेरीज आवाज नसे, आणि ती शांतता तिला जिवापाड आवडे, इतकंच.

राणीनं पेठेला विचारलं, "बागांतली थोडी जागा घरांना द्याल का?"

येसाक्का म्हणाली, "कामाला माणसं राणीसाहेबांनी बोलावली. घरंही त्यांनीच द्यावीत. पण आमच्या भिंतींच्या आत नकोत." बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या आणि विषय मिटला.

येसाक्काच्या परसातल्या खोलीत राही नावाची सुईण राहायची. अर्ध्या पेठेची बाळंतपणं तिच्या हातची. एका व्यापाऱ्यानं त्या खोलीला तिप्पट भाडं देऊ केलं, तेव्हा येसाक्का तिला म्हणाली, "राही, तूच सांग, मी नाही कसं म्हणू?"

राहीनं गाठोडं उचललं आणि ती खाडीपलीकडे गेली. पेठेतल्या दुसऱ्या सुइणी भाड्यापायी आधीच तिकडे गेल्या होत्या.

पुढे येसाक्काची लेक मैना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बाया जमल्या. त्यातल्या एकीनं पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "आक्का, मूल आडवं आहे. हे आमच्यानं व्हायचं नाही. राहीला बोलवा."

येसाक्का अनवाणीच घाटाकडे धावली. बघते तर काय, पूर्ण ओहोटी! खाडीत इकडून तिकडे चिखलच चिखल, मधोमध पाण्याची एक बारीक धार.

"राही!" ती ओरडली. "राही गं! मैना अडलीय!"

पलीकडच्या काठावर राही आली. तिनं चिखलात पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत गेली. लोकांनी तिला ओढून बाहेर काढलं. येसाक्का काठावर इकडून तिकडे धावू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काय करावं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे एकच गलका उठला. ओहोटीमुळे घरीच अडकलेल्या सुतारांनी झोपड्यांची दारं उखडली, छपरांच्या फळ्या काढल्या आणि चिखलावर टाकल्या. फळ्या या हातातून त्या हातात पुढे येऊ लागल्या. दोरवाल्यांनी त्या एकमेकींना बांधल्या. मधल्या धारेत त्यांनी एक होडी आडवी लावली. आणि त्या हलत्या वाटेवरून, पदर खोचून, राही चालत आली.

दिवस मावळायच्या आत येसाक्काच्या घरात बाळाचं रडणं घुमलं. आई सुखरूप, लेकरू सुखरूप!

येसाक्कानं राहीचे हात धरले. "माग, काय हवं ते माग."

राही थकून भिंतीला टेकली होती. "मला काही नको, आक्का. पण बाळं काय भरती-ओहोटी बघून जन्माला येतात? उद्या आणखी कुणाची लेक अडेल. दर वेळी आम्ही आमची छपरं काढायची का?"

 दुसऱ्या दिवशी येसाक्कानं पंचांना बोलावलं.

"आक्का, पेठेची शांतता जाईल," एक पंच म्हणाला.

"काल दुपारी माझी लेक ओरडत होती आणि पेठ अगदी शांत होती," येसाक्का म्हणाली. "तसली शांतता मला नको."

ती उठली, कुदळ घेतली आणि आपल्या बागेच्या भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. भिंत जुनी आणि चिवट होती. येसाक्काला धाप लागली, तसा बाळ बघायला आलेला मैनाचा नवरा पुढे झाला. मग शेजारी आले. एका पंचानं आधी नाक मुरडलं, पण आठवड्याभरात त्याचीही भिंत पडली. एक सावकार मात्र शेवटपर्यंत आपलं फाटक लावून बसला. बसू दे बापड्याला!

झाडं राखून, झाडांच्या मधून दुमजली घरं उठली. भाडं पंचांनी असं ठरवलं, की दोर वळणाऱ्यालाही पेलावं. घरं बांधायला गवंडी लागले, कौलं करायला कुंभार लागले, म्हणजे त्यातून आणखी कामं निघाली. खाडीपलीकडची माणसं वाजतगाजत पेठेत राहायला आली. राहीला रस्त्यालगतचं घर मिळालं, कुणीही केव्हाही हाक मारावी असं.

त्याच वर्षी कारखान्यातलं सगळ्यात मोठं जहाज पाण्यात उतरायचं होतं. एकट्या कामगारांना ते हलेना. तेव्हा सगळी पेठ धावून आली. जुने आणि नवे एकाच दोराला लागले. येसाक्कानंही दोर धरला. "ओढा रे, हैश्या!" जहाज हललं, सरकलं आणि प्रचंड लाट उडवत खाडीत उतरलं. ढोल वाजले, टोप्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

राणी म्हणाली, "येसाक्का, मी फक्त कामगार आणले होते. तुम्ही त्यांचे नगरवासी केलेत."

त्यानंतर त्या राजधानीची भरभराट कधी थांबली नाही.

म्हणून सांगतो: काम दिल्यानं माणसं येतात, पण त्यांना घर दिल्यानंच नगर मोठं होतं.