बंपरपुढची बैठक

“मग मी उपदेश द्यायला कधी बसू, बुवा?”

प्रल्हाद सबनीसांनी हे विचारलं ते बॉनेटमध्ये डोकं घालून. उत्तर जणू इंजिनाकडूनच यायचं होतं.

सबनीसांचे गुरू माधवबुवा अंगणातल्या पायरीवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं.

“दर गुरुवारी माणसं येतात माझ्याकडे. अनुग्रह मागतात. तुमच्या एका शब्दावाचून सगळं अडलंय. माझी तयारी झालीय.”

“खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

सबनीस धरणखात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. अख्ख्या नोकरीत त्यांनी ‘बहुधा’ हा शब्द वापरला नव्हता. तो हाताखालच्या लोकांसाठी राखून ठेवलेला होता.

गाडी आठवडाभर रुसलेली होती. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत, म्हणजे बॅटरी निर्दोष. स्टार्टरवर हातोडीने हलकेच ठोकलं की एखाद्या वेळी इंजिन जागं व्हायचं, म्हणजे गुन्हेगार स्टार्टरच. निदान बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. मेकॅनिकला बोलवा, असं बायको, मंगलाताई, दोनदा म्हणाल्या होत्या. त्यामुळे आता त्याला बोलावणं शक्यच नव्हतं. सबनीसांनी बॅटरीची वायर सोडवली, खाली शिरून जुना स्टार्टर काढला, नवा बसवला, वायर परत जोडली. मग ऐटीत आत बसून किल्ली फिरवली.

आता ‘टक्’सुद्धा नाही.

“आधी निदान आवाज तरी करत होती,” मंगलाताई खिडकीतून म्हणाल्या.

सबनीस उतरले ते कानशिलं लाल करूनच. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

“आता किल्लीला बगल देतो, बुवा. स्टार्टरच्या या दोन टोकांना हा एकदम टेकवला की मोटर थेट फिरणार. फिरली तर दोष वायरिंगचा, नाही फिरली तर मोटरचा. शास्त्र आहे.”

“आणि गाडीच पुढे गेली तर?”

“गिअरमध्ये असली तर जाईल. न्यूट्रलला आहे. मी स्वतः बघितलंय.”

बुवा उठले. तुळशीच्या कुंडीजवळचा एक दगड उचलून ते चाकापुढे लावायला वाकले.

सबनीस हसले. “दगड ज्याला खात्री नाही त्याने लावावा, बुवा.”

बुवा थांबले... दगड होता तिथे नेऊन ठेवला. मग गाडीच्या पुढे आले आणि बंपरला पाठ टेकून जमिनीवर मांडी घालून बसले. समोर हातभर अंतरावर कंपाउंडची भिंत होती.

“हे काय?”

“तुमचं चालू द्या.”

“उठा, बुवा.”

“का?”

उठा म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण एकच होतं.

“हँडब्रेक जरा सैल आहे, म्हणून म्हणतो.”

“न्यूट्रलला आहे ना?”

“आहेच!”

“मग?”

...

सबनीस पुन्हा बॉनेटमध्ये वाकले. पलीकडे बुवांचं पांढरं डोकं तेवढं दिसत होतं. ते जरासुद्धा हलत नव्हतं.

स्क्रूड्रायव्हर एका टोकाला टेकला. दुसरं टोक बोटभर दूर.

सकाळी न्यूट्रल होती. नक्की. हाताने हलवून बघितली होती. मग स्टार्टर बसवला. मग आत बसलो, किल्ली फिरवली. मग ती म्हणाली, निदान आवाज तरी... मग उतरलो. उतरताना...

सगळी नोकरी घाटातल्या कॉलनीत गेली होती. तिथे उतारावर गाडी उभी केली की एक हात किल्ली काढायचा आणि दुसरा गिअर टाकायचा. दुसऱ्या हाताला कधी सांगावं लागत नसे. तोही विचारत नसे.

सबनीसांनी स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून अलगद बाहेर घेतला. दार उघडलं. दांड्यावर हात ठेवला.

पहिला गिअर.

...

सबनीसांनी गाडी न्यूट्रलला आणली. दांडा डावी-उजवीकडे हलवून पाहिला. दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा हलवून पाहिला. कुंडीजवळचा दगड स्वतः उचलून आणला आणि चाकापुढे सरकवला. तोही पायाने दाबून बघितला.

“बुवा, आता न्यूट्रलला आहे, असं वाटतं. पण माझं काही खरं नाही. उठा तिथून. पाया पडतो तुमच्या.”

बुवांनी धोतर सावरलं आणि पाठ बंपरला नीट टेकवली.

“आता बसायला हरकत नाही.”