फुल पॉवरवर ठेवलेला लॅपटॉप

“मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, बाईजी. लॅपटॉप थिजला. मी तर सगळं फुल पॉवरवर ठेवलं होतं. मग काहून थिजला?”

मठाच्या ओसरीवर तपस्विनी हिराबाईजी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दंडवत राहिला तुझा.”

करुणानं काखेतल्या तान्ह्या लेकीला, लीलेला, खाली ठेवलं, घाईघाईनं दंडवत घातला. दुपट्यात गुंडाळलेला लॅपटॉप तिनं गावातून उघडाच आणला होता. झाकण लावलं तर बंद पडेल, ही धास्ती. बसायच्या आधी तिनं चार्जर भिंतीतल्या सॉकेटात खुपसला.

तिचा नवरा दत्तराज समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर वेल्डर होता. तिथं घरच्यांशी फोनवर बोलायला माणसं रांगेत उभी राहायची. नंबर कधी लागेल, नेम नाही. लीलेनं मोबाईल आपटून कॅमेरा फोडला तेव्हापासून मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडायचं आणि त्यावरच चेहरा बघायचा. मंगळवारी तो काहीतरी सांगत होता. ते तोंडातच राहिलं. त्यानंतर फोन नाही.

“फुल पॉवर म्हणजे?”

“यात तीन प्रकार असतात. वीज वाचवायचा, मधला, आणि पूर्ण ताकदीचा. मी पूर्ण ताकदीचा लावला. व्हिडिओ बघून, माझा मी. आमच्या गल्लीत कुणाला जमत नाही. स्क्रीन कधी विझायची? तिथंही ‘कधीच नाही’ लावलंय.”

“अन् हे दुपटं?”

“आतला पंखा सारखा घरघरतो. लीला दचकून उठते. म्हणून गुंडाळते.”

बाईजींनी दुपट्यात हात घातला, तसाच मागं घेतला.

“याला ताप आहे.”

“कधीपासून जागा आहे हा?”

“हे फलाटावर गेले तेव्हापासून.”

“अन् तू?”

करुणा लीलेच्या झबल्याची नाडी सोडत, बांधत राहिली...

“मला झोप लागली आणि हा वाजला तर?” ती शेवटी म्हणाली. “घरात दुसरं कोण आहे मला उठवायला?”

बाईजींनी दुपटं काढलं. लॅपटॉप गार फरशीवर ठेवला.

“मधलं लाव.”

“पण बाईजी, ताकद...”

“मग मधलं कुणासाठी केलंय? लाव. अन् डोळे मिटू दे त्याला.”

करुणानं लावलं. ‘कधीच नाही’ही काढलं. हळूहळू घरघर बसली. मग स्क्रीन काळी झाली.

“गेला,” ती रडकुंडीला आली.

“कान उघडे आहेत न त्याचे?”

“...आहेत. नुसती स्क्रीन विझते. फोन आला तर वाजेल.”

“मग ते दुपटं लीलेवर घाल. तिच्याजवळ पड.”

“मी नाही झोपणार.”

“नको झोपू. नुसती पड.”

करुणानं डोळे उघडले तेव्हा ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. लीला कुशीत होती. बाईजी लॅपटॉपजवळ बसल्या होत्या.

“वाजला?”

“वाजला. हिरवं बटण दाबलं मी.”

ती ताडकन उठून बसली. “मला उठवलं नाही? त्यांचा नंबर कधी लागतो, बाईजी, तुम्हाला काय ठाऊक...”

“उठवणारच होते. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तुम्हा दोघींना बघत बसला, वेळ संपेस्तोवर.”

“थिजले होते का?”

“तो नाही. त्याला वाटलं, इकडचं थिजलं. मग लीलेनं पाय झाडला, तेव्हा हसला.”

“मंगळवारी काय सांगायचं होतं... विचारलंत?”

“विचारलं.”

“मग?”

“आता आठवत नाही म्हणाला.”

तिनं लीलेवरचं दुपटं सारखं केलं.

अंगणातून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. बाईजींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“त्याच्या मागं रांगेत बरेच जण दिसले. त्यांच्या घरीही कुणी डोळे ताणून बसलं असेल. पुढच्या खेपेला त्याला म्हण, रांगेतल्या एकेकाला सांग, अन् त्यांनी आपापल्या घरी कळवावं... एक बाई झोपली होती, तरी फोन लागला.”