सरांची दाढ

“आणि खरं कारण?” बागवान सरांनी विचारलं.

यशोधन चपापला. इतका वेळ तो न थांबता बोलत होता. दात सरळ करायची शाखा का घ्यायची, याची त्याने घरूनच तयारी करून आणली होती. तारा बसवायच्या, महिन्यातून एकदा पेशंट बोलवायचा, कॉलेजातली मुलंमुली यायची आणि आरशात बघून खूश होऊन जायची. आपण वेळेवर घरी जेवायला. शिवाय पहिले आलेले सगळे तीच शाखा घेतात, आणि यशोधन नाईकनवरे तर सगळ्या कॉलेजात पहिला आलेला.

संध्याकाळी पाचपर्यंत त्याला एमडीएसची, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतल्या पुढच्या शिक्षणाची, शाखा ऑनलाइन भरायची होती. तो सरांकडे सल्ला मागायला आलाच नव्हता. शाबासकी घ्यायला आला होता.

“हेच खरं कारण, सर.”

“बरं...” सर म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत.

इस्माईल बागवान म्हणजे मिरजेकडच्या कितीतरी सर्जन मंडळींचे गुरू. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कॉलेजात अधूनमधून शिकवायला जायचे, आणि घराच्या पुढच्या खोलीत दवाखान्याची जुनी खुर्ची होती. ओळखीचं कोणी दुखणं घेऊन आलं तर बघायचे. शिकवतानासुद्धा ते फार बोलत नसत. पोराचं चुकलं की त्याच्या हातातला चिमटा काढून घ्यायचे, एवढंच. त्या गप्प बसण्याची पोरांना रागावण्यापेक्षा जास्त धास्ती वाटायची.

यशोधनने घड्याळ पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. सर त्याच्याकडेच बघत होते.

“सर... मला भीती वाटते.”

“कशाची?”

“रक्ताची.”

एकदा तोंडातून निघाल्यावर मग सगळंच निघालं. त्याला खरं तर दात-जबड्याची सर्जरीच घ्यायची होती. पहिल्या वर्षापासून दुसरं काही डोक्यात नव्हतं. मग इंटर्नशिपमध्ये मालनबाई आल्या, कवलापूरकडच्या. म्हातारीची दाढ त्याने अशी झटक्यात काढली की मित्रांनी पाठ थोपटली. बाहेर रांग लागलेली. बाकी औषधं कुठली चालू आहेत, हे विचारायचं राहून गेलं. राहून कसलं गेलं, त्याने विचारलंच नाही. बाई रक्त पातळ करायची गोळी रोज घेत होत्या.

संध्याकाळी मुलगा त्यांना रिक्षातून परत घेऊन आला, तेव्हा तोंडाला लावलेला पदर भिजून जड झाला होता. रक्त थांबवलं ते दुसऱ्यांनी. यशोधन भिंतीला टेकून उभा होता. दोन दिवसांनी म्हातारी बरी होऊन घरी गेली. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, “लई मोठा डॉक्टर हो,” म्हणाली.

तो हात त्याला अजून सहन होत नव्हता. त्या दिवसापासून तो चिमटा उचलायचं टाळायचा. आपली पाळी आली की तो काहीतरी निमित्त काढून मित्राला पुढे करायचा. घरी कोणाला माहीत नव्हतं, कॉलेजातही नव्हतं. पहिला आलेला मुलगा घाबरतो, हे सांगायचं तरी कोणाला?

“म्हणून तारा,” तो म्हणाला. “तारांनी कोणी मरत नाही, सर.”

सर उठले. सावकाश चालत खुर्चीपाशी गेले आणि पेशंटच्या जागी बसले. बाजूचा नॅपकिन घेऊन त्यांनी स्वतःच्याच गळ्याला बांधला.

“खालची, उजवीकडची. हलते आहे बरेच दिवस... काढ.”

यशोधन दोन पावलं मागे सरला. इथे ऐंशीच्या घरातला माणूस, आणि तोही बागवान सर. कॉलेजात गर्दी होती, वरचे डॉक्टर होते, पळून जायला निमित्त होतं. इथे भिंतीवरचा पंखा आणि ते दोघं, बस्स.

“सर, मी नको. मोहिते सरांना फोन लावू का? सांगलीतच असतात. त्यांचा हात केवढा चालतो...”

मोहिते म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. मोठा सर्जन, धडाडीचा. यशोधनच्या पिढीतली पोरं त्याच्यासारखे केस कापून घ्यायची.

“तो आला होता परवा. मी दाढ दाखवली, त्याने काही न विचारता लगेच चिमटा घेतला.”

“मग?”

“मी तोंड मिटलं.”

पुढे विचारायची सोय नव्हती, कारण सरांनी डोकं मागे टेकून तोंड उघडलं होतं.

यशोधनने हात धुतले. पुन्हा धुतले. हातमोजे चढवताना बोटं आत जाईनात. तो खुर्चीजवळ आला, आणि त्याने विचारलं, “सर, रक्त पातळ करायची गोळी घेता?”

“घेतो की.”

त्याला भिंत हवीशी वाटली. पण तो विचारत राहिला. कोणती गोळी, किती ताकदीची, आज घेतली का, हृदयाचं काही झालं होतं का, दाढी करताना कापलं तर किती वेळ वाहतं. तेच तेच पुन्हा विचारलं. सरांनी दर वेळी न कंटाळता उत्तर दिलं. मग त्याने सरांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी बंद करायची नाही, दाढ काढा, रक्ताकडे लक्ष ठेवा. त्याने बीपी मोजलं. टाक्याची सुई आधीच तयार करून ठेवली. दिवा हलवून पाहिला.

मग करायला काही उरलं नाही.

भूल दिली. ओठ जड झाला का, विचारलं. चिमटा दाढेवर बसवला आणि कोपर अंगाशी घट्ट धरलं. हळूहळू हलवत राहिला. दाढ निघाली... आणि मागोमाग रक्त आलं.

क्षणभर मालनबाईंचा पदर डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने दाबून धरलं. मग टाका घातला, वर कापसाचा घट्ट बोळा ठेवला आणि म्हणाला, “चावून धरा, सर. अर्धा तास. बोलायचं नाही.”

हे वाक्य त्याला सरांनीच शिकवलेलं. आता सरच ते पाळत बसले.

एरवी बोळा ठेवला की डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतो. यशोधन स्टुलावर बसून राहिला. सरांच्या ओठाच्या कोपऱ्यावरून त्याची नजर हलेना. मध्येच वडिलांचा फोन आला, भरलंस का रे. “भरतो,” म्हणाला आणि बंद केला. सरांनी गिळलं की हा पुढे वाकून बघायचा. सर मात्र डोळे मिटून स्वस्थ होते, जणू दाढ दुसऱ्याच कोणाची निघाली होती.

अर्धा तास झाला. त्याने बोळा अलगद उचलला. जखमेवर रक्ताची गडद गाठ धरली होती. वाहत काहीच नव्हतं.

आता भीती जाईल, असं त्याला वाटलं. गेली नाही.

“सर, तशीच आहे हो... भीती.”

सरांनी नॅपकिनच्या टोकाने ओठ टिपला.

पाचला थोडाच वेळ होता. यशोधनने मोबाइल काढला. शाखांची नावं समोर होती. त्याचं बोट त्यांच्यावर अधांतरी राहिलं, आणि त्याने मान वर केली.

“मोहिते सरांसमोर तुम्ही तोंड का मिटलंत?”

सरांनी गळ्याचा नॅपकिन सोडला, त्याची नीट घडी घातली. भुलीने ओठ जड झाला होता, शब्द अडखळत आले.

“त्याला भीती वाटत नाही रे.”