पहिलं बिरुद संपायच्या आत

"चार बिरुदं! अख्खी चार!" राजा दुर्जयसिंह सिंहासनावरून उठून ओरडला. "गेल्या दसऱ्याला दोनच झाली होती. बिरू, तुझा हात म्हातारा झाला की तू आळशी झालास?"

हरणगडात चेंडूचा वेग मोजायची रीतच तशी होती. फेकणाऱ्यानं शंभर पावलांवरच्या नगाऱ्यावर चामडी चेंडू मारायचा. चेंडू हातातून सुटला की भालदारानं राजाची बिरुदं म्हणायला लागायचं. नगारा वाजेपर्यंत जितकी कमी बिरुदं होतील, तितका चेंडू वेगवान! बिरू धनगरासारखा फेकणारा पंचक्रोशीत नव्हता. त्याच बिरूच्या चेंडूला यंदा चार बिरुदं लागली.

"महाराज, जीव तोडून फेकला," बिरू कोपर दाबत म्हणाला. "याहून जोर लावला तर हात खांद्यातनं निखळंल."

"निमित्तं नकोत! उद्या पहिलं बिरुद संपायच्या आत नगारा वाजला पाहिजे. नाहीतर सूर्य मावळायच्या आत मेंढरं घेऊन माझ्या राज्याबाहेर चालू लाग!"

गर्दीतून बिरूची बहीण भिवरा पुढं आली. ती जोंधळ्याची राखण करायची, दिवसभर माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायची. दादाच्या कोपराला लावायला ती हळदीचा लेप घेऊन आली होती.

"महाराज, माणसाच्या हातानं इतका वेग कसा यायचा?"

"का नाही येणार? माझ्या तोफेचा गोळा बघ कसा जातो!"

"तोफेत दारू भरता, महाराज. दादाच्या पोटात नुसती भाकरी भरलीय!"

दरबारी खुदकन हसले. राजा मात्र हसला नाही. "उद्या सकाळी!" एवढंच बोलून तो निघून गेला.

भिवरा विचारात पडली. दादाचा चेंडू ती लहानपणापासून बघत आली होती. तो मंदावला असता तर तिच्या डोळ्यांना कळलंच असतं. मग ही दोन बिरुदं वाढली कुठून?

गडाच्या दरवाज्याशी भालदार गंभीरराव रांजणातून गटागटा पाणी पीत होते.

"घसा लई कोरडा पडला का, काका?"

"पडणार नाही तर काय, पोरी! महाराजांनी यंदा नऊ बिरुदं वाढवली. एकवीस झाली! पंगतीआधी सगळी म्हणावी लागतात. पूर्वीसारखं संथ म्हणत बसलो, तर पानातलं वरण गार होतं आणि शिव्या मला बसतात. मग काय, शिकलो पळवायला!"

"अस्सं होय!" भिवरा म्हणाली आणि उड्या मारतच दादाकडं गेली. "दादा, उद्या रोजच्यासारखाच फेक. कोपराला जरासुद्धा ताण देऊ नकोस."

"भिवरे, मेंढरं कुठल्या रानात न्यायची ते तरी ठरवून ठेवू."

"ठेव की. पण आधी लेप लावून घे!"

सकाळी मैदान माणसांनी फुललं. बिरूनं चेंडू हातात घेतला. भालदार छाती फुगवून उभे राहिले. तेवढ्यात भिवरा राजासमोर येऊन वाकली.

"महाराज, फेकीआधी एक तक्रार आहे."

"भावाची रदबदली करायची असेल, तर बोलूच नकोस."

"भावाची नाही, तुमच्या मानाची तक्रार आहे. काल मी भालदारकाकांच्या तोंडून तुमची बिरुदं ऐकली. एक धड कळलं नाही! मी पाखरं हाकते ना, तीसुद्धा यापेक्षा सावकाश हाकते. पाखराला तरी कळायला हवं, आपल्याला कोण काय म्हणतंय ते!"

राजाच्या मिशा थरथरल्या. "गंभीरराव! माझी बिरुदं गिळता?"

"न... नाही महाराज, वरण गार..."

"वरण गेलं खड्ड्यात! आज एकेक अक्षर तोलून म्हणायचं. एका अक्षराचा नाद गडावर आपटून परत आल्याशिवाय पुढचं अक्षर तोंडातून काढाल तर खबरदार!"

"जशी आज्ञा!"

बिरूनं दोन पावलं धावून हात फिरवला. चेंडू सुटला! भालदारांनी रणधुरंधर या पहिल्या बिरुदाला तोंड उघडलं.

"रऽऽऽ... णऽऽऽ... धुऽऽऽ..."

धडाम्!

नगारा वाजला आणि भालदारांचं तोंड 'धु'वरच उघडं राहिलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं मैदानच हसायला लागलं.

"फसवणूक!" राजा गरजला.

"कुठली फसवणूक, महाराज?" भिवरा म्हणाली. "चेंडू तोच, पावलं शंभरच, हातही कालचाच. दादाचा वेग गेल्या दसऱ्याला जेवढा होता, तेवढाच आज आहे. काल धावली ती भालदारकाकांची जीभ, आणि शिक्षा झाली दादाच्या हाताला!"

"मग मी आत्ता हुकूम देतो. गंभीरराव, परत म्हणा, आणि भराभर!"

"द्या की. पण मग दवंडीही पिटा, की आमच्या महाराजांचं नाव घोड्यावरून पळताना घ्यावं, उतरून घेण्याजोगं ते नाही!"

भालदार एकदा राजाकडं आणि एकदा भिवराकडं बघत घाम पुसत होते.

"बरं, मला एक सांग," अखेर राजा हळू आवाजात म्हणाला. "जीभ वर्षभरात दुप्पट पळायला शिकली. मग हात का नाही शिकत?"

"कारण हाताला हाड असतं, महाराज. जिभेला नसतं!"

राजाच्या पोटातून हसू उसळलं, ते इतकं, की डोक्यावरचा मंदील घरंगळून मांडीवर आला आणि तो सावरायचंही त्याला भान उरलं नाही. "पोरी, एकवीस बिरुदांचा राजा तू एका वाक्यात गप्प केलास! माग, काय हवं ते."

"दादाचा हात बरा होईपर्यंत त्याला विसावा द्या. आणि पुढच्या वेळी वेग मोजायला महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आणा. त्याचे थेंब मोजा. थेंबाला ना तुमची भीती, ना जेवायची घाई!"

"दिलं!" राजा म्हणाला. त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातात घातलं, आणि नदीकाठचं अख्खं कुरण बिरूच्या मेंढरांना कायमचं तोडून दिलं.